सोयाबीन आणि हृदयाचे आरोग्य

पावसाळा सरत आला की मराठवाड्यात आणि विदर्भात कोसच्या कोस शेते पिवळी पडू लागतात. पाने गळतात, शेंगा वाळतात आणि त्यांच्यात पिवळसर, वाटोळे दाणे खुळखुळू लागतात. हे सोयाबीनचे पीक होय. भारतात सोयाबीन पिकवण्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही राज्ये आघाडीवर आहेत. परंतु या दाण्यांपैकी फारच थोडे आपल्या ताटात येतात. बहुतेक दाणे गिरणीत जातात. तेथे त्यांचे तेल काढतात आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यासाठी वापरतात.

पूर्व आशियातील देशांत मात्र हे धान्य कित्येक शतकांपासून माणसांच्या रोजच्या जेवणात आहे. चिनी लोक दाणे भिजवून वाटतात, उकळून गाळतात आणि त्यांचे पांढरे दूध काढतात. हे दूध नासवून पनीरासारख्या ज्या वड्या करतात त्यांना टोफू म्हणतात. जपानी लोक शिजवलेल्या दाण्यांत मीठ घालून ते आंबवतात आणि मिसो नावाचा दाट लगदा तयार करतात. तो कढत पाण्यात कालवून केलेले सार त्यांच्या जेवणात वारंवार असते. जावा बेटावर दाणे एका बुरशीच्या साहाय्याने आंबवून त्यांच्या घट्ट वड्या करतात. त्यांचे नाव टेंपे.

हे अन्न खाणाऱ्यांचे हृदय अधिक निरोगी राहते काय, असा प्रश्न गेल्या शतकात शास्त्रज्ञांच्या मनात आला. त्यांनी त्याचे उत्तर कसे शोधले, ते मध्येच का बदलावे लागले आणि अखेरीस हाती काय आले, हे जाणून घेण्यासारखे आहे.

प्रथम हृदयाची थोडी ओळख करून घेऊ. हृदय आपल्या मुठीएवढे असते. मिनिटाला सुमारे ७२ वेळा, म्हणजे दिवसाकाठी लाखाहून अधिक वेळा ते आकुंचन पावते. विसावा घेत असलेल्या प्रौढ माणसाचे हृदयदेखील दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलीत असते. घरोघर पाणी पोहोचवणाऱ्या पाणक्यालाही तहान लागते; तसेच साऱ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या स्नायूलाही स्वतःसाठी रक्त लागते. ते त्याला त्याच्या पृष्ठभागावर पसरलेल्या बारीक रोहिण्यांतून मिळते. रोहिणी म्हणजे हृदयाकडून आलेले रक्त अवयवांकडे नेणारी नलिका.

या रोहिण्यांचा एक शत्रू आहे. आपल्या रक्तात कोलेस्टेरॉल नावाचा मेणासारखा पदार्थ असतो. तो सर्वस्वी वाईट आहे असे नव्हे. शरीराला त्याची गरज असते आणि आपले यकृतच तो तयार करते. परंतु त्याचा एक प्रकार रक्तात गरजेपेक्षा अधिक झाला, तर तो रोहिण्यांच्या भिंतींत साचू लागतो. लोणी, तूप, साय आणि चरबीयुक्त मांस यांत जे स्निग्ध पदार्थ असतात, त्यांपैकी बरेचसे संपृक्त जातीचे असतात. ते फार खाल्ल्याने हे कोलेस्टेरॉल वाढते. थर साचत साचत रोहिणी अरुंद होते. एखादे दिवशी तो थर फुटतो, तेथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयाच्या एका भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. धूम्रपान, वाढलेला रक्तदाब व मधुमेह यांमुळे हा धोका अधिकच वाढतो. हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्या विकारांनी आज जगात सर्वांत अधिक माणसे मृत्यू पावतात. झटका बहुधा उतारवयात येतो, पण रोहिण्यांत थर साचण्याचा आरंभ पुष्कळदा लहानपणीच झालेला असतो. म्हणून हा विषय केवळ वडीलधाऱ्यांचा नाही. तो तुमचाही आहे.

आता सोयाबीनकडे वळू. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीत शंभर भागांत सुमारे २० ते २२ भाग प्रथिने असतात. सोयाबीनमध्ये ती ३६ ते ४० भाग असतात. शरीराची वाढ आणि झीज भरून काढणे ही कामे प्रथिनांची. सोयाबीनमध्ये सुमारे २० भाग तेल असते, पण ते बहुतांशी असंपृक्त जातीचे, म्हणजे रोहिण्यांना फारसे न जाचणारे असते. शिवाय त्यात तंतुमय पदार्थ असतात आणि कोलेस्टेरॉल मुळीच नसते. एवढे वाचल्यावर कोणालाही वाटेल की, हे तर हृदयाचे औषधच आहे. परंतु पदार्थात काय आहे हे कळणे वेगळे आणि तो खाल्ल्याने शरीरात काय घडते हे कळणे वेगळे.

जपानमध्ये हृदयविकाराचा झटका अमेरिकेच्या मानाने पुष्कळच कमी आढळत असे. जपानी लोकांचा पिंडच निराळा असेल काय? हे पाहण्यासाठी १९६५ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. तिच्यासाठी तीन ठिकाणचे जपानी वंशाचे पुरुष निवडले. काही मायदेशी राहिलेले, काही प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर स्थायिक झालेले आणि काही अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतात वसलेले. हवाई बेटांवरील पुरुषांचीच संख्या आठ हजारांवर होती. असे आढळून आले की, जपानमध्ये राहणाऱ्यांत हृदयविकार सर्वांत कमी, हवाईत त्याहून अधिक आणि कॅलिफोर्नियात सर्वांत अधिक आहे. वंश एकच होता. बदलली होती ती राहणी आणि ताटातील अन्न.

मग हे श्रेय सोयाबीनला द्यावे काय? येथे थांबून विचार करावा लागतो. परदेशी गेलेल्या माणसांच्या जेवणातील केवळ टोफू कमी झाला नव्हता. मांस आणि लोणी वाढले होते. पायी चालणे आणि कामधंदा यांतही फरक पडला होता. इतक्या गोष्टी एकाच वेळी बदलल्या असता त्यांपैकी एकीलाच श्रेय देणे न्यायाचे ठरत नाही.

यासाठी शास्त्रज्ञ प्रयोग करतात. काही माणसांना प्राण्यांपासून मिळणाऱ्या प्रथिनांच्या जागी सोयाबीनची प्रथिने देतात, काहींना नेहमीचीच प्रथिने देतात आणि काही आठवड्यांनी सर्वांचे रक्त तपासतात. १९९५ साली अमेरिकेत अशा ३८ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले गेले. त्यांतील माणसांनी दिवसाला सरासरी ४७ ग्रॅम सोया प्रथिने घेतली होती आणि रोहिण्यांत साचणारे कोलेस्टेरॉल सुमारे १३ टक्क्यांनी उतरले होते. या वार्तेने सर्वत्र उत्साह पसरला. १९९९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उत्पादकांना परवानगी दिली की, संपृक्त स्निग्ध पदार्थ कमी असलेल्या आहारात दिवसाला २५ ग्रॅम सोया प्रथिने घेतल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असे त्यांनी वेष्टनावर छापावे. दुकाने सोयाबीनच्या पदार्थांनी भरून गेली.

परंतु विज्ञान एकदा दिलेल्या उत्तराला चिकटून बसत नाही. अधिक काळजीपूर्वक केलेले नवे प्रयोग पुढे येत गेले. २००६ साली अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यांपैकी २२ प्रयोग तपासले, तेव्हा कोलेस्टेरॉलची घट १३ नव्हे, तर केवळ ३ टक्क्यांच्या आसपास भरली. तीदेखील दिवसाला सुमारे ५० ग्रॅम सोया प्रथिने घेतल्यावर! तेवढ्यासाठी रोज सव्वाशे ते दीडशे ग्रॅम कोरडे दाणे शिजवून खावे लागतील. सोयाबीनमधील आयसोफ्लॅव्होन नावाच्या द्रव्यांत खरा गुण असावा, अशी कित्येकांची कल्पना होती. तिलाही आधार मिळाला नाही. पुढे २०१७ साली अमेरिकेच्या प्रशासनाने, आपण दिलेली परवानगी मागे घ्यावी असा प्रस्ताव स्वतःच मांडला. आपली चूक आपणच तपासून पाहणे ही लाजेची गोष्ट नव्हे. ज्ञान असेच पुढे जाते.

तर मग सोयाबीन निरुपयोगी ठरले काय? मुळीच नाही. २००६ साली ज्या तज्ज्ञांनी त्याचे औषधपण नाकारले, त्यांनीच त्याचे अन्नपण मान्य केले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : सोयाबीनच्या प्रथिनांत जादू नाही, पण सोयाबीनचे पदार्थ चरबीयुक्त पदार्थांच्या जागी खाल्ले, तर हृदयाचे हित होते. ‘च्या जागी’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. एका माणसाने चरबीयुक्त मांसाऐवजी टोफूची भाजी खाल्ली, तर त्याच्या ताटातून संपृक्त स्निग्ध पदार्थ गेले आणि त्यांच्या जागी असंपृक्त तेल व प्रथिने आली. दुसऱ्याने तेवढेच मांस खाऊन वर टोफूही खाल्ला. त्याच्या ताटातून काहीच गेले नाही, उलट भर मात्र पडली. दोघांनी टोफू सारखाच खाल्ला, पण लाभ पहिल्यालाच झाला.

२०२० साली दोन लाखांहून अधिक अमेरिकन स्त्रीपुरुषांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून असे दिसून आले की, आठवड्यातून निदान एकदा टोफू खाणाऱ्यांत, तो क्वचितच खाणाऱ्यांपेक्षा, हृदयरोहिण्यांचा विकार सुमारे १८ टक्क्यांनी कमी होता. ही गोष्ट आशादायक खरी. परंतु टोफू खाणारी माणसे इतर बाबतींतही आरोग्याची काळजी घेणारी असू शकतात, हे आपण विसरता कामा नये.

जपानकडूनच आपल्याला आणखी एक धडा मिळतो. तेथे हृदयविकाराचा झटका कमी असला, तरी मेंदूतील रक्तवाहिनी फुटून किंवा बंद पडून येणारा पक्षाघात पुष्कळ होता. १९५१ पासून १९८० पर्यंत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार हेच त्या देशातील मृत्यूचे पहिले कारण होते. याचे एक मोठे कारण मीठ. मिसो, सोयाबीनचा खारट रस आणि मुरवलेल्या भाज्या यांतून जपानी लोकांच्या पोटात फार मीठ जात असे आणि त्यामुळे रक्तदाब वाढे. पुढे त्यांनी मीठ कमी करण्याची मोहीम हाती घेतली, रक्तदाबाच्या तपासण्या व उपचार वाढवले आणि पक्षाघाताचे मृत्यू पुष्कळ घटले. म्हणजे दाणा चांगला असला, तरी तो कसा शिजवला आणि त्याच्याबरोबर काय घातले, यावर सारे अवलंबून असते.

आपल्याकडेही या दाण्याचा विचार फार पूर्वी झाला आहे. गरिबांना स्वस्तात पोषण मिळावे म्हणून १९३५ साली महात्मा गांधींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन खाण्याचा प्रयोग करून पाहिला आणि ‘हरिजन’ पत्रात त्याविषयी लिहिले. आज कित्येक घरांत गव्हाबरोबर मूठभर सोयाबीन दळतात किंवा सोयावडीची भाजी करतात. मात्र सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यातील काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. नीट शिजवले की ती बहुतांशी नाहीशी होतात. काही थोड्या माणसांना सोयाबीन सोसत नाही, त्यांनी ते वर्ज्य करावे. आणि ज्यांना हृदयविकार जडला आहे, त्यांनी वैद्यकीय उपचार सोडून या दाण्यावर विसंबून राहू नये. ज्यांच्या घरी सोयाबीन नाही त्यांनीही खंत करण्याचे कारण नाही. मूग, मटकी, हरभरा, चवळी ही आपली कडधान्येही त्याच कुळातील असून प्रथिने व तंतुमय पदार्थ यांनी युक्त आहेत.

सारांश, कोणताही एक दाणा हृदयाला वाचवीत नाही आणि कोणताही एक घास त्याला मारीत नाही. रोजचे ताट, रोजचे चालणे-खेळणे आणि तंबाखूपासून दूर राहण्याचा निश्चय यांवर हृदयाचे आरोग्य उभे असते. सोयाबीन या ताटातील एक चांगला सोबती आहे. त्याला देव्हाऱ्यात बसवू नये आणि गोठ्यातही लोटू नये. त्याची योग्य जागा ताटातच आहे.

स्वाध्याय

१. हृदयाला स्वतःसाठी लागणारे रक्त कोठून मिळते? ते बंद पडण्याचे कारण कोणते?

२. १९६५ साली सुरू झालेल्या पाहणीसाठी एकाच वंशाचे लोक का निवडले असावेत?

३. ‘दोघांनी टोफू सारखाच खाल्ला, पण लाभ पहिल्यालाच झाला.’ असे का म्हटले आहे?

४. तुमच्या घरी एका आठवड्यात कोणती कडधान्ये शिजतात, याची नोंद करा व तिच्यावर आठ-दहा ओळी लिहा.