चार हात अंतर राखून नांदेड-लातूर पाहू या

सोयाबीनची रास मोंढ्यावर गेली, हरभरा पेरून झाला, की आपल्या मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबे शहराची वाट धरतात. कुणाला दवाखान्यात दाखवायचे असते, कुणाचा मुलगा लातूरला शिकवणीसाठी राहिलेला असतो, कुणाला लग्नाचा बस्ता बांधायचा असतो. कामाच्या निमित्ताने शहरही पाहून होते. पण करोनाच्या साथीपासून अनेक घरांत एक नवी रीत पडली आहे. धडधाकट माणसे शहर पाहून येतात आणि म्हाताऱ्या माणसांना "तुम्ही घरीच बऱ्या" असे सांगून ओसरीवर बसवून ठेवतात. दमा, मधुमेह, क्षयरोगातून उठलेले शरीर, अशी कारणे असतात आणि ती खोटीही नसतात. तरी मला हे पटत नाही. अशा माणसांनाही नांदेड आणि लातूर दाखविता येते. त्यासाठी दिवस, वेळ आणि जागा मात्र विचार करून ठरविली पाहिजे.

गर्दीचे दुखणे काय असते हे नांदेडने जवळून पाहिले आहे. मार्च 2020 मध्ये देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा पंजाबातून हजूर साहिबच्या दर्शनाला आलेले सुमारे चार हजार यात्रेकरू नांदेडलाच अडकले. महिनाभर त्यांची राहण्या-जेवणाची सोय गुरुद्वाऱ्याने केली. एप्रिलच्या शेवटी ते बसने परत गेले आणि तपासणीत त्यांतील शेकडो लोकांना लागण झाल्याचे आढळले. ती कोठे लागली यावर तेव्हा बराच वाद झाला. त्या वादात आपण पडू नये. पण एका छताखाली मुक्काम आणि मग दोन-तीन दिवसांचा बंद गाडीतला प्रवास, एवढे जमून आले की साथीला आणखी काय हवे! त्याच वर्षी आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत, संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरपूरला गेल्या. आपल्या माळेगावच्या खंडोबाची यात्राही त्या काळात भरली नाही. राज्यातील देवळे 16 नोव्हेंबर 2020 रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 रोजी घटस्थापनेला परत उघडली. 1 एप्रिल 2022 पासून सगळेच निर्बंध उठले.

निर्बंध उठले म्हणून आजार गेले असे नव्हे. करोनाचा विषाणू अजून आहे, दर हिवाळ्यात फ्लू असतो, क्षयरोग तर आपल्याकडे जुनाच आहे. हे सगळे आजार मुख्यतः श्वासाच्या वाटेने पसरतात. सुरुवातीला आपण भाजी साबणाने धूत होतो आणि नोटा उन्हात वाळवीत होतो. पुढे कळले की खरा धोका कोंदट जागेत, जवळजवळ बसून, बराच वेळ घालविण्यात आहे. हवा खेळती असेल आणि दोन माणसांत सहा फूट, म्हणजे आपल्या मापाने चार हात अंतर असेल, तर धोका पुष्कळच कमी होतो.

शेतकऱ्याला हे नव्याने शिकवायला नको. सोयाबीन पंचेचाळीस सेंटिमीटरच्या ओळीत पेरा असे आम्ही गावोगाव सांगत फिरतो ते कशासाठी? दाट पेरले की आत हवा जात नाही, ओल धरून राहते आणि पानांवर रोग पडतो. 2022 साली लम्पी आला तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले आणि ज्याच्या बैलाच्या अंगावर गाठी दिसल्या त्याने तो बैल वेगळा बांधला. गोठ्यात जे डोके चालते ते घरात चालवायला हरकत नसावी.

आता नांदेडकडे वळू. माझ्या कामाच्या भागातील एका घरी एक आजीबाई आहेत. त्यांना दम्याचा विकार आहे. 2020 पासून त्या शिवाराबाहेर पडल्या नव्हत्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "साहेब, लेकरं सगळी जाऊन आली. मला पण एकदा गुरुद्वारा डोळ्यानं बघायचाय." मुलगा म्हणाला, "दिवाळीत सुट्टी असते, तेव्हा नेतो." मी त्याला सांगितले की दसरा, दिवाळी, होळीचा होला मोहल्ला आणि गुरू गोविंदसिंगजींची जयंती हे दिवस सोड. त्या दिवसांत देशभरातून माणूस येतो. हरभऱ्याचे पहिले पाणी झाल्यावर एखादा मंगळवार किंवा बुधवार पाहा, आणि सकाळी लवकर पोहोच.

तसेच झाले. मुलाने आधी एकट्याने आत जाऊन रांग किती आहे ते पाहिले, तोवर आजीबाई संगमरवरी चौकात उन्हाला बसल्या. रांग विरळ झाल्यावर डोक्यावर पदर घेऊन त्या दर्शन करून आल्या. त्यांच्याबरोबरची नात म्हणे सगळ्यांना एकच विचारीत होती, हे बांधले कोणी? त्याचे उत्तर असे, की 1708 साली गुरू गोविंदसिंगजींनी नांदेडला देह ठेवला. त्या स्थानावर पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात ही इमारत उभी केली. आतल्या अंगीठा साहिबाचे दर्शन बाहेरूनच घ्यायचे असते. रोज गोदावरीचे पाणी घागरीने आणून तेथे वाहिले जाते. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. पंजाबपासून इतक्या लांब, आपल्या गोदाकाठी ते आहे, याचे अप्रूप आपल्यालाच कमी वाटते. लंगरमध्ये पंगतीला बसायचे असेल तर दुपारची गर्दी होण्यापूर्वी बसून घ्यावे. ज्याला दम्याचा त्रास आहे त्याने घरची दशमी-चटणी बाहेर झाडाखाली खाल्ली तरी दर्शनात काही उणे पडत नाही. आजीबाईंनी तेच केले.

तेथून नगिना घाट जवळ आहे. घाटावर मोकळे वारे असते आणि पायऱ्यांवर ऐसपैस बसता येते. फक्त पात्रात उतरू नये. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की पाणी बघता बघता चढते.

विष्णुपुरी तर शेतकऱ्याने पाहिलीच पाहिजे, आणि ती पाहायला तिकीट लागत नाही. शहराला लागूनच गोदावरीवर हा बंधारा आहे. जलाशयाला शंकर सागर म्हणतात. येथील पाणी उपसून वरच्या जमिनीला दिले जाते. ज्या पाण्यावर आपला ऊस आणि केळी उभी राहते ते पाणी अडते कसे आणि चढते कसे, हे मुलांना पुस्तकापेक्षा येथे लवकर समजते. काठावर काळेश्वराचे जुने देऊळ आहे. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून गेलात तर तेथे शांतता मिळते.

एक दिवस जास्तीचा असेल तर कंधारचा किल्ला पाहावा. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा हा भुईकोट, भोवती खंदक, आत मोठी मोकळी जागा. सुट्टीचा दिवस सोडला तर पाखरांशिवाय फारसे कोणी भेटत नाही. चार हात काय, चाळीस हात अंतर राखा!

लातूरचे गणित थोडे वेगळे आहे. या शहरात गर्दी रविवारी जास्त, कारण शिकवणीला राहिलेल्या हजारो मुलांचे आईबाप त्या दिवशी भेटायला येतात. तुमचाही मुलगा तेथे असेल तर एखादे वेळी आडवारी जाऊन पाहा. त्याला भेटायला संध्याकाळचा तास-दीड तास मिळतो, सकाळ तुम्हाला शहर पाहायला मोकळी राहते. आणि त्याच्या खोलीवर सगळे गोतावळ्यासह जाऊन बसू नका. एका खोलीत तीन-चार मुले राहतात, परीक्षा तोंडावर असते, एकाचा खोकला चौघांना लागतो. त्याला बाहेर बोलवा, बागेत बसून डबा खाऊ द्या.

गंजगोलाई सकाळी आठच्या सुमारास पाहावी. दुपारी तेथे पाय ठेवायला जागा नसते आणि सोळा रस्त्यांची गंमत कळतच नाही. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने हा आराखडा केला आणि 1917 साली मधली गोल दुमजली इमारत झाली. मध्ये अंबाबाईचे देऊळ आणि भोवताली चाकाच्या आऱ्यांसारखे सोळा रस्ते. कोठे सोने-चांदी, कोठे चपला-जोडे, कोठे मिरची आणि गूळ. दुकानांच्या फळ्या निघत असताना एक फेरी मारली तर मांडणी नीट दिसते, आणि पहिल्या गिऱ्हाइकाशी दुकानदार बोलतोही बरा. नवरात्रात मात्र अंबाबाईला गर्दी असते आणि महाशिवरात्रीपासून सिद्धेश्वराची यात्रा भरते. घरात नाजूक प्रकृतीचे माणूस असेल तर ते दिवस गावच्या देवळात काढावेत.

लातूरहून औशाचा भुईकोट जवळ आहे. त्याच तालुक्यात खरोशाला जांभ्या दगडात कोरलेली सहाव्या शतकाच्या सुमाराची लेणी आहेत. वेरूळ पाहायला माणसे शेकडो मैल जातात, खरोसा उशाशी असून पाहत नाहीत.

उदगीरचा किल्ला तर इतिहासाचे पानच आहे. फेब्रुवारी 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी येथे निजामावर विजय मिळविला आणि त्यानंतर वर्षभरातच ते पानिपतावर पडले. किल्ल्यात उदागीर महाराजांची समाधी आहे. याच उदगीरला 22 ते 24 एप्रिल 2022 या दिवसांत 95 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. भारत सासणे अध्यक्ष होते. निर्बंध उठून महिनाही झाला नव्हता. एवढी ग्रंथांची दुकाने आपल्या भागात एका जागी क्वचितच लागतात. अशा ठिकाणी काठावर उभे राहून भाषण ऐकता येते आणि पुस्तके पाहायला उन्हाची दुपार गाठता येते, तेव्हा दुकाने रिकामी असतात.

नाटक आणि सिनेमा यांबाबत मी थोडा कडक आहे. बंद सभागृहात तीन तास बसणे म्हणजे वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी एकत्र. धडधाकट माणसांनी खुशाल जावे. म्हाताऱ्यांसाठी आणि आजारातून उठलेल्यांसाठी उघड्यावरचे कीर्तन, भारूड, शाहिरी, माळेगावच्या यात्रेतील लावणीचा फड हे बरे. तेथेही पुढच्या रांगेचा हट्ट नको, कडेची जागा पाहावी. भोंग्यातून आवाज सगळीकडे सारखाच येतो. काहींना हा भित्रेपणा वाटतो. त्यांना माझे सांगणे एवढेच, की भीती असती तर आम्ही जाऊ नका म्हटले असते.

जाण्या-येण्याविषयी थोडे. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी. चा प्रवास मोफत झाला आणि 2023 पासून बायांना अर्धे तिकीट झाले. ही मोठी सोय झाली, पण त्यामुळे गाड्या भरून वाहतात. म्हणून पहाटेची पहिली गाडी धरावी, खिडकीची जागा म्हातारीला द्यावी आणि थंडी वाजली तरी काच बोटभर उघडी ठेवावी, अंगावर घोंगडी असली म्हणजे झाले. गाडी खच्चून भरली असेल तर तेवढ्या वेळापुरते नाका-तोंडावर स्वच्छ धुतलेले फडके किंवा मास्क बांधावा. लाज कसली! फवारणीच्या वेळी बांधतोच की. ज्याला ताप-खोकला आहे त्याने त्या दिवशी घरी राहावे, मग तो घरातला कर्ता असला तरी. मोंढ्यावरची पट्टी दुसऱ्या दिवशीही मिळते.

परतीला संध्याकाळी साडेपाच ते आठ ही वेळ टाळावी. त्या वेळी दवाखाने, कचेऱ्या आणि शिकवण्या एकदमच सुटतात. दुपारी तीनची गाडी धरली तर दिवेलागणीला घर गाठता येते आणि धारही चुकत नाही.