फाटकाबाहेरचा ट्रकचालक

आमच्या युनियनच्या एका बैठकीत मध्यंतरी एका तरुण ड्रायव्हरने प्रश्न काढला. त्याचा मेहुणा अमेरिकेत ट्रक चालवतो. नवी नोकरी धरताना परवाना खिशात असूनही त्यास सांगण्यात आले की, आधी लघवी तपासून घे, मग गाडीची किल्ली. “दादा, हा माणसाचा अपमान नव्हे काय?” असे ह्या पोराने आम्हास विचारले. त्या दिवशी आमच्याजवळ नीट उत्तर नव्हते. मग तिकडचे नियम मिळवून ते आम्ही वाचून काढले. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

तिकडे २६,००१ पौंड, म्हणजे सुमारे पावणेबारा टन, वा त्याहून जड वाहन चालवायचे, चालकासह १६ वा अधिक माणसांची बस हाकायची, किंवा फलक लावावा लागतो असा धोक्याचा माल न्यायचा, तर व्यावसायिक परवाना लागतो. असा परवानाधारक नव्या मालकाकडे पहिल्यांदा चाकामागे बसण्यापूर्वी अमली पदार्थांची चाचणी झाली पाहिजे, आणि ती निर्दोष ठरल्याचा निकाल मालकाच्या हाती आला पाहिजे. नुसता नमुना देऊन भागत नाही. गांजा, कोकेन, अँफेटामाइन, अफूच्या जातीची द्रव्ये आणि पीसीपी असे पाच वर्ग तपासतात. २०१८ पासून ऑक्सिकोडोनसारखी वेदनाशामके अफूच्या वर्गात आली. दारूची चाचणी मात्र नोकरीपूर्वी सक्तीची नाही. मालकाने करायची ठरवली तर सर्वांचीच करावी लागते.

हे आले कोठून? ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँड राज्यात चेस ह्या गावापाशी मालगाडी कंपनीची जोडलेली इंजिने थांब्याचा सिग्नल ओलांडून पुढे गेली आणि उतारूंची भरधाव गाडी त्यांवर आदळली. १६ माणसे गेली. इंजिनावरच्या दोघांनी गांजा ओढला होता, असे चौकशीत निघाले. त्याच इंजिनात चालकाला सावध करणारी शिट्टी चिकटपट्टी लावून दाबून ठेवलेलीही सापडली. लोकांच्या ध्यानात गांजा राहिला, चिकटपट्टी विसरली गेली. १९९१ साली काँग्रेसने कायदा करून रेल्वे, विमान, बस आणि ट्रक ह्या साऱ्यांच्या कामगारांना चाचणी लावली. ट्रकवाल्यांसाठी वाहतूक खात्याचे नियम त्याआधीच निघाले होते. टीमस्टर्स ह्या चालकांच्या मोठ्या संघटनेने त्यांना न्यायालयात आव्हान दिले, आणि त्याच १९९१ साली अपील न्यायालयाने ते फेटाळले.

चाकामागे नशा नको, ह्याबद्दल आमचा वाद नाही. ८०,००० पौंडांची, म्हणजे ३६ टनांची भरलेली गाडी समोरून येत असताना तिचा चालक शुद्धीत असावा, असे रस्त्यावरच्या प्रत्येकाला वाटणारच, आणि सर्वांआधी ते दुसऱ्या ट्रकच्या चालकाला वाटते. आमचा प्रश्न निराळा आहे. ही बाटली नेमके काय सांगते?

दारूचे गणित सोपे आहे. रक्तातली दारू आणि हातापायांचा तोल ह्यांची सांगड बरीच जवळची. म्हणून आपल्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा घालता आली. गांजाचे तसे नाही. लघवीत सापडते ते गांजाच्या द्रव्याचे शरीराने मोडून केलेले अवशिष्ट रूप. ते नशा आणत नाही. नशा उतरल्यावर कित्येक दिवस, आणि नेहमी ओढणाऱ्याच्या अंगात कित्येक आठवडे राहते. म्हणजे ही चाचणी माणूस आज गाडी चालवण्यास लायक आहे की नाही हे सांगत नाही; मागे केव्हा तरी त्याने काय घेतले एवढेच सांगते. २०१२ पासून एकामागून एक राज्यांनी प्रौढांना गांजाची मोकळीक दिली. ट्रकचालकाला तिचा उपयोग नाही. वाहतूक खाते राज्याची मुभा मानत नाही, डॉक्टरची शिफारसही मानत नाही. शनिवारी घरी बसून ओढलेल्याची नोकरी पुढच्या आठवड्यात जाते, आणि सोमवारी रात्रभर न झोपता गाडीवर येणाऱ्यास ही बाटली निर्दोष ठरवते.

खसखशीची गोष्ट आपल्या घरातली आहे. अनारशावर जी खसखस लावतो ती अफूच्याच बोंडातली. तीत मॉर्फिनचा अल्प अंश असतो, आणि खसखशीचा पाव खाल्लेला माणूस पूर्वी चाचणीत अडकू शके. म्हणून १९९८ च्या अखेरीस मॉर्फिनची मर्यादा ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली. यंत्र खोटे बोलत नव्हते, पण त्याच्या खरे बोलण्यावर माणसाची भाकरी जात होती.

आता कामगाराच्या बाजूने ह्या नियमांत काय आहे ते पाहू, कारण ते पुष्कळांना ठाऊक नसते. नमुना निदान ४५ मिलिलिटर घेतात आणि चालकादेखत दोन बाटल्यांत मोहोरबंद करतात. पहिल्या बाटलीत ३०, दुसरीत १५. चार मिनिटांच्या आत उष्णता पाहतात, कोणी बाहेरून दुसऱ्याची आणलेली नसावी म्हणून. लघवी होत नसेल तर तीन तास पाणी देऊन थांबतात. प्रयोगशाळा सरकारमान्य लागते, आणि पहिल्या चाळणीत दोष दिसला तर दुसऱ्या, अधिक काटेकोर पद्धतीने तो पडताळावा लागतो. दोषी निकाल तेथून थेट मालकाकडे जात नाही. आधी तो एका डॉक्टरकडे जातो. तो डॉक्टर चालकाशी बोलतो, औषधाची चिठ्ठी असेल तर पाहतो, आणि मगच ठरवतो. तरीही दोषी ठरवले तर ७२ तासांच्या आत दुसरी बाटली दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासा, अशी मागणी चालक करू शकतो. खर्च कोणाचा हा वाद नंतर, तपासणी आधी, असे नियमच म्हणतो. हे कलम कोणी लिहिले असेल त्याने मालक पाहिलेले असावेत!

पण ७२ तास हा हक्क ठाऊक असणाऱ्याचे ७२ तास आहेत. नोकरीवरच्या माणसाला सांगणारे युनियनचे कोणी तरी असते. नोकरी मागायला आलेल्यास कोण सांगणार? येथे १९८९ सालचे तिकडच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाचे दोन निर्णय आम्हास महत्त्वाचे वाटतात. पहिल्यात मंडळाने म्हटले की, कामावर असलेल्यांची चाचणी हा वाटाघाटीचा विषय आहे. मालकाने युनियनशी बोललेच पाहिजे. दुसऱ्यात म्हटले की, उमेदवारांची चाचणी हा तसा विषय नव्हे, कारण उमेदवार अजून कामगारच नाही. फाटकाच्या आत उभा असलेला माणूस शंभरांतला एक असतो. फाटकाबाहेर तोच माणूस एकटा असतो, आणि बाटली त्याच्या हातात तेथेच देतात.

६ जानेवारी २०२० पासून त्या एकटेपणात भर पडली. दोषी निकालांची आणि चाचणी नाकारल्याची देशभरची एक सरकारी नोंदवही सुरू झाली, आणि नवा चालक ठेवण्यापूर्वी मालकाने ती पाहिलीच पाहिजे. नोंद निदान पाच वर्षे राहते. पूर्वी एका गावी नापास झालेला दुसऱ्या गावी पोट भरी. ती वाट बंद झाली. रस्त्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले, असे आम्ही म्हणू. १८ नोव्हेंबर २०२४ पासून तर अशा चालकाचा व्यावसायिक परवानाच राज्याने खाली उतरवायचा आहे. परत यायचे तर समुपदेशकाकडून तपासणी, तो सांगेल ते उपचार, दुसऱ्याच्या नजरेसमोर दिलेली नवी चाचणी, आणि मग पहिल्या १२ महिन्यांत न सांगता घेतलेल्या निदान सहा चाचण्या. ह्या साऱ्याचा खर्च मालकाने करावा असे नियम सांगत नाही, आणि सर्व पार पाडल्यावर कोणी नोकरी द्यावी असेही सांगत नाही.

आणखी एक बाब. तिकडे मालवाहू ट्रकचालकाला १० तास विश्रांतीनंतर १४ तासांच्या अवधीत ११ तास गाडी चालवता येते. लांब पल्ल्याच्या पुष्कळांना पगार मैलावर मिळतो. माल उतरण्याची वाट पाहत घालवलेले तास त्या १४ मध्ये मोजले जातात, पैशात मात्र पुष्कळदा मोजले जात नाहीत. १९३८ च्या कायद्यातील जादा कामाच्या दीडपट मजुरीचे कलम आंतरराज्य ट्रकचालकांना लागू नाही. झोप मारण्यासाठी अँफेटामाइनच्या गोळ्या घेण्याची खोड ह्या धंद्यात कशी शिरली असेल, ते कोणाही ड्रायव्हरला विचारावे.

त्या पोराला आम्ही पुढच्या बैठकीत एवढेच सांगितले की, मेहुण्याला कळव: चाचणी दे, मोहोर लावताना बाटल्यांवरून नजर हलवू नकोस, आणि डॉक्टरचा फोन आला तर तो उचल. मेहुण्याचा निकाल निर्दोष आला. पहिल्या खेपेला माल उतरायला त्यास सहा तास थांबावे लागले, असे तो पोरगा परवा सांगत होता.