वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयाचे ग्रंथालय

विद्यापीठाचे ग्रंथालय तीन कामे करते. ते पुस्तके जमवते, वाचकाला देते, आणि जे हाती देता येत नाही ते जपून दाखवते. वर्धा जिल्ह्यात ही तिन्ही कामे एका आवारात पाहायची तर ठिकाण म्हणजे वर्धा शहरातील गांधी हिल्सवरचे महात्मा गांधी अंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय. याच जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येतात, म्हणून तिथल्या विद्यार्थ्याचे परीक्षेचे काम नागपूरला असते. पण जिल्ह्याच्या हद्दीतले केंद्रीय विद्यापीठाचे ग्रंथालय हे वर्ध्याचे.

जानेवारी १९७५ मध्ये नागपुरात पहिले विश्व हिंदी संमेलन भरले. हिंदीसाठी आंतरराष्ट्रीय विद्यापीठ असावे आणि ते वर्ध्याला असावे, हा विचार तिथे पुढे आला. राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम वर्ध्यात १९३६ पासून चालू होते आणि सेवाग्राम जवळच, त्यामुळे जागेची निवड स्वाभाविक होती. संसदेने कायदा केल्यावर १९९७ मध्ये केंद्रीय विद्यापीठ म्हणून त्याची स्थापना झाली.

मध्यवर्ती ग्रंथालयाला महापंडित राहुल सांकृत्यायन यांचे नाव आहे. सांकृत्यायन (१८९३–१९६३) यांनी १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटची वाट तुडवली. भारतात नष्ट झालेल्या संस्कृत बौद्ध ग्रंथांच्या पोथ्या त्यांनी तिथल्या मठांतून शोधल्या आणि मिळतील तेवढ्यांच्या नकला व छायाचित्रे आणली. त्यांनी आणलेले तिबेटी ग्रंथ आणि पटचित्रे पाटण्यात आहेत. संग्रह कसा उभा राहतो याचे हे ठळक उदाहरण, म्हणून ग्रंथालयाला हे नाव शोभते.

संग्रहाचा गाभा हिंदी भाषा आणि साहित्य हा आहे. त्याच्याभोवती भाषाविज्ञान, अनुवाद, नाटक, जनसंचार, स्त्री अध्ययन, गांधी विचार आणि शांती अध्ययन असे विद्यापीठात शिकवले जाणारे विषय येतात.

नवे पुस्तक आले की आधी त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते आणि त्याला दाखल क्रमांक मिळतो. मग विषय ठरवून वर्गांक दिला जातो. भारतातील बहुतेक विद्यापीठ ग्रंथालयांत यासाठी मेल्विल ड्यूई यांची १८७६ ची दशांश पद्धती चालते. तिच्यात साहित्याला ८००, हिंदी साहित्याला ८९१.४३ आणि मराठीला ८९१.४६ असा अंक आहे. हिंदी कादंबरी ८९१.४३३ वर येते. प्रेमचंदांच्या ‘गोदान’चा (१९३६) वर्गांक तोच, त्याखाली लेखकाच्या नावाची खूण लागते आणि पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी तयार होते.

या पद्धतीत इंग्रजी साहित्याला ८२० हा सुटसुटीत अंक मिळतो, हिंदी-मराठीला मात्र दशांशचिन्हाच्या पलीकडे जावे लागते. सामान्य ग्रंथालयात हे खटकत नाही. पण जिथे निम्मे कपाट हिंदीचे असेल तिथे एकाच अंकाची रांग लागते आणि शेवटचे दोन-तीन आकडे नीट वाचल्याशिवाय पुस्तक जागेवर परत जात नाही. म्हणून आपल्या भाषेच्या साहित्याला ८१० हा आखूड अंक देण्याची मुभा ड्यूई पद्धतीतच ठेवलेली आहे. पुस्तक चुकीच्या फळीवर गेले, तर तालिकेत नाव दिसते पण हाताला पुस्तक लागत नाही. वाचकाच्या लेखी ते हरवलेलेच.

सेवांमध्ये सर्वांत जुनी देवघेव. सभासदपत्रावर ठरावीक मुदतीसाठी पुस्तक घरी मिळते. कोश, ज्ञानकोश आणि दुर्मीळ ग्रंथ मात्र संदर्भ विभागातच बसून पाहायचे. बाहेरच्या वाचकाला विद्यापीठ ग्रंथालये सहसा परवानगीने वाचनकक्षात बसू देतात, पुस्तक घरी देत नाहीत. संशोधकाचे बरेच काम आता पडद्यावर होते. पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात जातात आणि कुणालाही विनामूल्य वाचता येतात. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके मिळू लागली. विद्यापीठाने स्वतः ‘हिंदी समय’ या संकेतस्थळावर हिंदी साहित्याचा मोठा साठा खुला केला आहे. समुद्रपुरात बसलेल्या वाचकालाही तो मोबाईलवर वाचता येतो.

प्रदर्शनाचा भाग विद्यापीठाच्या स्वामी सहजानंद सरस्वती संग्रहालयात आहे. सहजानंद हे १९३६ मध्ये लखनौला स्थापन झालेल्या अखिल भारतीय किसान सभेचे पहिले अध्यक्ष. या संग्रहालयात हिंदी लेखकांची हस्तलिखिते, पत्रे, छायाचित्रे आणि वापरातल्या वस्तू जतन केल्या आहेत. छापील पुस्तकात शेवटचा मजकूर तेवढा राहतो; हस्तलिखितात खोडलेली ओळ, समासातली भर आणि बदललेला शब्दही टिकतो. मजकूर कसा घडला हे तपासणाऱ्या अभ्यासकाला त्या खोडलेल्या ओळीचाच उपयोग.

असे कागद विदर्भात सांभाळणे जिकिरीचे असते. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कागद ठिसूळ होतो; पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा आली की बुरशी धरते, कसर आणि वाळवी लागते. शाई उजेडाने फिकी पडते, म्हणून हस्तलिखितांवर ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवावा असा संग्रहालयांचा दंडक आहे. तापमान आणि आर्द्रता बारा महिने शक्य तितकी स्थिर ठेवणे, कागद आम्लरहित वेष्टनात ठेवणे, मांडलेले पान ठरावीक काळाने बदलणे आणि अभ्यासकाला मूळ कागदाऐवजी त्याची अंकीय प्रत देणे, हे त्यावरचे रुळलेले उपाय. अंकीय प्रत तयार झाली की मूळ कागदाची हाताळणी कमी होते आणि तोच मजकूर दूरच्या वाचकालाही देता येतो. जतन आणि सेवा ही दोन्ही कामे अशी एकाच अंकीय प्रतीतून साधतात.