मैत्रीण दारूने बेशुद्ध पडली तर बहीण म्हणून काय करायचे?

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या संघटना असतात. त्यांना 'सोरोरिटी' म्हणतात. लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण. मुलांच्या संघटना त्या 'फ्रॅटर्निटी'. नावे बहुधा ग्रीक अक्षरांची, म्हणून या सगळ्या कारभाराला 'ग्रीक लाइफ' म्हणतात. यातल्या मुली एकमेकींना बहीण मानतात, बऱ्याच जणी एकाच घरात राहतात. काळ्या विद्यार्थिनींनी हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये 'अल्फा कप्पा अल्फा' आणि १९१३ मध्ये 'डेल्टा सिग्मा थीटा' स्थापन केली. डेल्टाच्या मुली त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. तेव्हा भगिनीभाव म्हणजे नुसती मौजमजा नव्हती.

घरात बंदी, पार्टी शेजारी

तिथे २१ वर्षांखालच्यांना दारू विकत घेता येत नाही. बहुतेक मोठ्या सोरोरिटींच्या घरात तर दारूच चालत नाही. मुलांच्या घरांत मात्र ती वर्षानुवर्षे चालत आली. 'फाय डेल्टा थीटा'सारख्या एखाद्या संघटनेने २००० पासून आपली घरे दारूमुक्त केली. नव्या मुलांना जबरदस्तीने पाजण्यात जीव गेले, तेव्हा २०१९ मध्ये फ्रॅटर्निटींच्या महासंघाने १५ टक्क्यांहून कडक दारूवर बंधने घातली.

परिणाम काय झाला? मुलींचे घर कोरडे राहिले, पण पार्टी मुलांच्या घरी गेली. दार त्यांचे, पेला त्यांचा, त्यात काय ओतले हेही त्यांनाच ठाऊक. नियम चांगलाच आहे. पण मुलगी जिथे जाते तिथली सुरक्षितता तो बघत नाही.

बाईच्या शरीरात दारू

दोघांचे वजन सारखे आणि दारूही सारखी, तरी बाईच्या रक्तात दारूचे प्रमाण जास्त चढते. तिच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असतो आणि पोटात दारू मोडणारे द्रव्यही साधारणपणे कमी असते. अमेरिकेत ३५० मिलिलिटर बिअर किंवा ४५ मिलिलिटर कडक दारू हा एक पेग धरतात. त्यात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असते. दोन तासांत बाईने असे चार किंवा पुरुषाने पाच घेतले, तर ते धोक्याचे पिणे मानतात. दारूमुळे स्तनाचा कर्करोग होण्याचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले, दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

• हलवूनही जाग येत नाही
• श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड
• अंग गार, ओठ-नखे निळसर
• बेशुद्धीत उलटी, किंवा झटके

तिला एका कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. एकटी सोडू नका. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी दारू उतरत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. "झोपू दे, सकाळी उतरेल" असे म्हणू नका, कारण पोटातली दारू झोपेतही रक्तात जात राहते. रुग्णवाहिका बोलवा. तिथे ९११, आपल्याकडे १०८.

घाबरून गप्प बसू नका

इथेच खरी परीक्षा होते. नियम मोडला म्हणून संघटनेवर कारवाई होईल, घर बंद होईल, या भीतीने मैत्रिणी फोन करत नाहीत. तेवढ्यात वेळ निघून जातो. म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी कायदा केला, की मदत मागणाऱ्या अल्पवयीन मुलावर किंवा मुलीवर दारू प्यायल्याबद्दल खटला भरायचा नाही. बंदीच्या जोडीला अशी सोय हवीच. नाहीतर शिक्षेच्या भीतीने लोक आजारपणही लपवतात.

आपल्याही मुली वसतिगृहात राहतात, काही परदेशी शिकायला जातात. "पिऊ नकोस" हे त्यांना जरूर सांगा. त्याबरोबर हेही सांगा, की कुणी पिऊन पडली तर आधी तिचा श्वास बघ, मग फोन कर. आणि रात्री दोन वाजता फोन आला तरी आम्ही ओरडणार नाही, असा शब्द आजच द्या. बहिणीची अब्रू झाकायला तिचा जीव पणाला लावणे हा भगिनीभाव नव्हे.