पोलादपूर–महाड परिसरातील तीर्थयात्रा

रायगड जिल्ह्यातील पोलादपूर आणि महाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्री नदीच्या खोऱ्यात वसलेले आहेत. ही नदी क्षेत्र महाबळेश्वर येथे उगम पावते, पोलादपूर व महाडवरून पश्चिमेस वाहते आणि हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या दरम्यान अरबी समुद्रास मिळते. तिच्या उगमापासून मुखापर्यंत आणि लगतच्या डोंगरांत अनेक देवस्थाने आहेत. अष्टविनायक यात्रेसारखा ठरलेला क्रम या स्थळांना नाही. यात्रेकरू कुलाचार, सण आणि सवड पाहून आपला मार्ग ठरवतात. त्यामुळे येथील यात्रेत कोठे जावे यापेक्षा केव्हा जावे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

महाड आणि महड

अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे मंदिर महड येथे आहे. हे गाव रायगड जिल्ह्यातच, परंतु खोपोलीजवळ खालापूर तालुक्यात असून महाड शहरापासून रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. देवनागरीत दोन्ही नावांत एका कान्याचा फरक दिसतो. रोमन लिपीत मात्र ती सारखीच लिहिली जातात. बाहेरगावच्या यात्रेकरूंनी वाहन किंवा निवासाची नोंदणी करताना तालुक्याचे नाव तपासून घेणे इष्ट असते.

उगमाकडील स्थाने

पोलादपूरहून पूर्वेस आंबेनळी घाट चढून गेल्यावर सातारा जिल्ह्याची हद्द लागते. घाटमाथ्याच्या वाटेवर वाडा कुंभरोशी या गावाजवळ प्रतापगडाचा फाटा आहे. किल्ल्यावरील भवानीमातेच्या मंदिराची स्थापना शिवाजी महाराजांनी केली. तुळजापूरला दर्शनास जाणे त्या काळी अवघड झाल्याने ही स्थापना झाली, असे परंपरा सांगते. अनेक मराठी कुटुंबे तुळजाभवानीस कुलस्वामिनी मानतात. त्यांच्या दृष्टीने प्रतापगड हा केवळ इतिहासप्रसिद्ध किल्ला नाही.

क्षेत्र महाबळेश्वर हे गिरिस्थानाच्या बाजारपेठेपासून काही किलोमीटर अंतरावरील जुने गाव होय. येथे महाबळेश्वर, अतिबळेश्वर आणि पंचगंगा ही मंदिरे आहेत. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. ब्रह्मदेवाच्या यज्ञात सावित्रीच्या जागी गायत्रीस बसविल्याने सावित्रीने देवांना नद्या होण्याचा शाप दिला, अशी आख्यायिका आहे. पाचांपैकी कृष्णा, वेण्णा व कोयना पूर्वेकडील पठाराच्या बाजूस जातात, तर सावित्री व गायत्री पश्चिमेस कोकणात उतरतात. या भौगोलिक वस्तुस्थितीला आख्यायिकेने दिलेला हा अर्थ मोठा सुसंगत आहे.

महाडचे वीरेश्वर मंदिर

श्री वीरेश्वर हे महाडचे ग्रामदैवत आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास भरणारा येथील छबिना प्रसिद्ध आहे. या उत्सवात आसपासच्या गावांतील देवतांच्या पालख्या वाजतगाजत वीरेश्वराच्या भेटीस येतात. विन्हेरे येथील झोलाई देवी त्यांपैकी एक होय. उंच काठ्या तोलून नाचविणे हे छबिन्याचे मोठे आकर्षण असते. नोकरीनिमित्त मुंबईत राहणारे चाकरमानी या दिवसांसाठी आवर्जून गावी परततात. रात्रभर चालणारा हा सोहळा अनुभवावयाचा असल्यास मुक्कामाची सोय आधीच करावी लागते.

या मंदिराचा उल्लेख आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासातही येतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर हे लोक आता वीरेश्वर मंदिरात शिरणार आहेत, अशी अफवा गावात पसरली आणि परिषदेसाठी आलेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथे मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. तळ्यासंबंधीचा दावा दहा वर्षे चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने दिला. मंदिरप्रवेशाचा हक्क कायद्याने मिळण्यास मात्र आणखी दहा वर्षे लागली. मुंबई प्रांतात १९४७ साली मंदिरप्रवेशाचा कायदा झाला आणि १९५६ च्या कायद्याने सर्व हिंदूंसाठी सार्वजनिक उपासनास्थळांचा प्रवेश खुला केला. वीरेश्वराच्या दर्शनास आज येणाऱ्या अनेकांच्या पणजोबांना हा मार्ग बंद होता, ही बाब महाडच्या यात्रावर्णनांत क्वचितच येते. दरवर्षी २० मार्च रोजी चवदार तळ्यावर अभिवादनासाठी मोठा जनसमुदाय येतो. त्या दिवशी शहरातील रस्ते आणि निवासव्यवस्था यांवर ताण असतो.

शिवथरघळ आणि रायगड

शिवथरघळ महाड तालुक्यात, बिरवाडीच्या पुढे वरंध घाटाच्या कुशीत आहे. समर्थ रामदासांनी येथे वास्तव्य करून कल्याणस्वामींकडून दासबोध लिहवून घेतला, अशी समर्थ संप्रदायाची श्रद्धा आहे. विस्मृतीत गेलेली ही घळ धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये पुन्हा प्रकाशात आणली. पावसाळ्यात घळीशेजारी मोठा धबधबा कोसळतो. तो पाहण्यास गर्दी होते; दासबोधाच्या वाचनासाठी येणाऱ्यांना मात्र हिवाळा अधिक सोयीचा असतो. माघ वद्य नवमीस, म्हणजे दासनवमीस, येथे समर्थभक्त येतात.

रायगडावरील जगदीश्वराचे मंदिर आणि त्यासमोरील शिवाजी महाराजांची समाधी येथे भक्ती व इतिहास वेगळे करता येत नाहीत. राज्याभिषेकाचा सोहळा तिथीनुसार ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस आणि तारखेनुसार ६ जूनला साजरा होतो. पुण्यतिथी चैत्र पौर्णिमेस असते. ज्येष्ठांना पायऱ्यांऐवजी रज्जुमार्गाचा पर्याय उपलब्ध आहे. याच वाटेवर पाचाड येथे जिजाबाईंची समाधी आहे. पोलादपूरमध्ये शिवभारतकार कवींद्र परमानंद यांची समाधी आहे. ती महामार्गालगतच्या गावात असूनही फार थोडे प्रवासी तेथे थांबतात.

हरिहरेश्वर आणि भरती-ओहोटी

श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत होय. प्रथम काळभैरवाचे, नंतर हरिहरेश्वराचे आणि परत काळभैरवाचे दर्शन घ्यावे, असा येथील प्रघात आहे. प्रदक्षिणेचा मार्ग डोंगराला वळसा घालून समुद्रकाठच्या खडकांवरून जातो आणि तो ओहोटीच्या वेळीच चालण्याजोगा असतो.

किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. उदाहरणार्थ, अष्टमीस सहाच्या सुमारास भरती व दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी असते. पौर्णिमा-अमावास्येस दुपारी बाराच्या आसपास भरती येते आणि या दिवसांत उधाणाचा जोरही अधिक असतो. सणाच्या निमित्ताने पौर्णिमेस आलेल्या यात्रेकरूस म्हणूनच भर दुपारी प्रदक्षिणा करता येत नाही. त्याने सकाळी लवकर निघावे लागते. ही रीत केवळ अंदाजासाठी आहे. खडकांवर उतरण्यापूर्वी स्थानिकांना विचारणे आवश्यक असते, कारण लाटेने ओढले जाऊन येथे जीव गेलेले आहेत.

पावसाळ्यातील धोके

श्रावण हा व्रतवैकल्यांचा महिना, आणि याच दिवसांत येथील घाटरस्ते सर्वाधिक बेभरवशाचे असतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. त्यात एसटीच्या दोन बसगाड्यांसह काही वाहने बुडाली. नवा पूल २०१७ मध्ये खुला झाला. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात सहलीची एक बस दरीत कोसळून मोठी जीवितहानी झाली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या, महाड शहर पाण्याखाली गेले आणि आंबेनळी घाटरस्ता खचला.

अतिवृष्टीचा इशारा असताना आंबेनळी आणि वरंध हे दोन्ही घाट वाहतुकीस बंद केले जातात. अशा वेळी महाबळेश्वर किंवा भोरमार्गे येणारा यात्रेकरू डोंगराच्या एकाच बाजूस अडकून पडतो. मुंबईकडून येणाऱ्यांना महामार्ग आणि कोकण रेल्वेचे वीर स्थानक हे पर्याय उरतात. गौरी-गणपतीच्या दिवसांत या दोन्हींवर चाकरमान्यांची प्रचंड गर्दी असते. भाताची कापणी आटोपल्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ घाटमार्गे येणाऱ्यांना सर्वांत सोयीचा मानला जातो. त्या काळात प्रतापगड व क्षेत्र महाबळेश्वर एका दिवसात, रायगड दुसऱ्या दिवशी आणि शिवथरघळ तिसऱ्या दिवशी सावकाश पाहून होते. हरिहरेश्वरासाठी माणगाव–म्हसळामार्गे जाऊन ओहोटीच्या वेळेनुसार आणखी एक दिवस राखून ठेवावा लागतो.