पगार कोणत्या गावी उतरतो?

पुण्याहून नगरकडे येताना शिरूरजवळ घोड नदी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि भूमीचा वर्णही बदलतो. उसाची हिरवाई मागे राहते, उघडा माळ सुरू होतो. सुप्याच्या या माळावर पावसाने कधी फारशी कृपा केली नाही. वाऱ्याने मात्र केली, म्हणूनच येथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. म्हसणे फाट्यापासून रस्त्याच्या कडेने कारखान्यांच्या लांबच लांब भिंती लागतात. भारत आणि जपान यांनी जपानी उद्योगांसाठी म्हणून ज्या निवडक औद्योगिक वसाहती २०१५ साली निश्चित केल्या, त्यांत राजस्थानातील नीमराणाच्या बरोबरीने आपल्या सुप्याचे नाव आहे. कॅरियर मायडियाची वातानुकूलन यंत्रे येथे तयार होतात. वरुण बेव्हरेजेसचा शीतपेयांचा कारखाना २०२४ साली सुरू झाला. एके काळी दुष्काळी पारनेर तालुक्यातील एक बाजारगाव एवढीच ज्याची ओळख, त्या सुप्यात आज पाळी सुटण्याच्या वेळी रस्ता ओलांडताना चार-दोन मिनिटे थांबावे लागते.

औद्योगिक वसाहत आली की गावोगावी एकच प्रश्न विचारला जातो : आमच्या किती मुलांना नोकऱ्या मिळाल्या? शासनाचा दंडकही त्याच धर्तीचा आहे. २००८ सालच्या शासन निर्णयानुसार उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांवर किमान ५० टक्के आणि इतर जागांवर ८० टक्के स्थानिक माणसे नेमावीत, अशी अपेक्षा आहे. स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षे वास्तव्य असलेला. म्हणजे गडचिरोलीचा तरुणही सुप्यात स्थानिकच ठरतो, आणि ज्याची जमीन वसाहतीत गेली त्या शेतकऱ्याच्या मुलाला या टक्केवारीत वेगळे स्थान नाही. मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, फाटकाशी मोजदाद होते. ती व्हावी. परंतु ज्याचे आयुष्य बँकेच्या खतावण्यांत गेले, त्याला त्यापुढचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या दरम्यान जो पगार निघतो, तो अखेरीस कोणत्या गावी उतरतो?

औद्योगिक परिसरातील कोणतीही शाखा पाहा. कंत्राटदारामार्फत कामावर आलेल्या मुलांची खाती शेकड्यांनी उघडलेली असतात. पगार जमा होतो, तिसऱ्या दिवशी खात्यात किमान शिल्लक तेवढी उरते. थोडी रक्कम खोलीभाडे आणि खाणावळ यांत जाते, उरलेली बीडला, नांदेडला, बिहारला किंवा उत्तर प्रदेशाला रवाना होते. यात त्या मुलांचा काडीइतका दोष नाही. घरी वाट पाहणारे आईवडील त्यांनाही आहेत. दोष असेल तर या मांडणीत आहे. मुलगा ठरावीक महिन्यांपुरता येतो, मुदत संपली की दुसरा येतो. ज्याला पुढच्या दिवाळीत आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो सुप्यात गादी घेत नाही, कपाट घेत नाही, मुलाला शाळेत घालीत नाही. तो पाण्याची बाटली, मोबाइलचे रिचार्ज आणि वडापाव घेतो. मग बाजारपेठ वाढल्यासारखी दिसते, पण ती चहाच्या टपऱ्यांची वाढते.

जमिनीच्या मोबदल्याची कथा याहून खोल आहे. ज्यांनी अशा शाखा सांभाळल्या त्यांना हे दृश्य परिचयाचे असेल. एका महिन्यात ठेवी एकदम फुगतात. व्यवस्थापकाचे वरिष्ठांकडून कौतुक होते. आणि दोन-तीन वर्षांत त्याच ठेवी गाडी, बंगला, लग्न आणि भाऊबंदकीचे खटले यांतून ओसरतात. जमीन हे दरवर्षी थोडेथोडे देणारे धन होते. ते एकरकमी झाले की ते कसे सांभाळावे, याचे शिक्षण त्या शेतकऱ्याला कोणी दिलेले नसते. मुदत ठेवीची पावती हाती देण्यापलीकडे आम्ही बँकवाल्यांनीही फार काही केले, असे म्हणता येणार नाही.

पारनेरच्या माणसाला कामासाठी गाव सोडणे नवे नाही. या तालुक्यातून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईला गेली. गिरणगावाने त्यांना आसरा दिला आणि गिरण्यांच्या पगारावर इकडची घरे चालली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांतील असंख्यांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी गिरणीच्या आवारातील केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो बदल ग्राह्य धरला. आज परळ आणि लोअर परळ येथे काचेच्या इमारती, बाजारसंकुले आणि उपाहारगृहे झळकतात. नगररचनेच्या भाषेत त्या भागाचे पुनरुज्जीवन झाले. रोजगारही निर्माण झाला, कदाचित मोठ्या संख्येने. परंतु साच्यावर उभे राहून ज्याची पन्नाशी उलटली त्या कामगाराला त्या काचेआड जागा नव्हती. त्याच्या मुलाला फार तर दारावरच्या रखवालदाराची मिळाली. वस्ती सुधारते आणि वस्तीतली माणसे बाहेर पडतात, या दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात. सुप्याने हे लक्षात ठेवावे, कारण त्या रखवालदारांत पारनेरचे लोकही असतील.

येथे व्यापारी कुटुंबांचा संबंध कोठे येतो, असे कोणी विचारील. तो फार जुना आहे, आणि सगळाच सुखद नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे गावच्या बाजारात सावकारांची घरे आणि दुकाने लुटली गेली, कर्जाचे रोखे जाळले गेले. ते सुपे पुणे जिल्ह्यातील, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील. नावसाधर्म्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. परंतु त्या दंग्याची झळ पारनेर आणि श्रीगोंद्यापर्यंत पोहोचली, हेही खरे. त्यामागे अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव होते, वाढलेला शेतसारा होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. त्या दंग्यात बहुतेक ठिकाणी रोष माणसांपेक्षा कागदांवर होता आणि तो प्रामुख्याने मारवाडी व गुजराती सावकारांच्या कागदांवर होता. खेड्यातून निघालेला पैसा खेड्यात परत येत नाही, ही भावना त्यामागे होती. आपल्या पूर्वजांपैकी कित्येक जण त्या वेळी ‘परप्रांतीय’च होते. आज बिहारच्या मुलाकडे बोट दाखविताना एवढे स्मरण असू द्यावे. आपण स्थानिक झालो ते येथे राहिलो म्हणून, आणि येथे मिळविलेले पुष्कळसे येथेच गुंतविले म्हणून.

पैसा गावातून गोळा होतो आणि कर्ज होऊन दूर जातो, ही तक्रार पुढे बँकांविरुद्धही झाली. १९६९ साली डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने जिल्हा हा घटक धरून बँकांनी काम करावे, अशी शिफारस केली आणि त्यातून अग्रणी बँक योजना आली. हेच गाडगीळ त्यापूर्वी आपल्या जिल्ह्यात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते. १९५० च्या सुमारास त्या कारखान्याने उत्तर भागाचे रूप पालटले. तेथे पाणी होते, हे खरेच. परंतु उसाचे पैसे ज्याच्या हाती येत तो त्याच पंचक्रोशीत राहत होता, आणि कारखान्याचा सभासदही तोच होता. दक्षिणेकडच्या पारनेरला ना ते पाणी मिळाले ना ती मालकी.

नगर शहराचे उदाहरण आपल्या वाचकांना अधिक जवळचे. मुंबई विधानसभेचे १९४६ ते १९५२ या काळातील अध्यक्ष कुंदनमलजी फिरोदिया यांचे घराणे नगरचे. त्या घराण्यातील हस्तीमलजींनी १९७० च्या दशकाच्या आरंभी नगरला कायनेटिक इंजिनिअरिंग उभे केले आणि ‘लुना’ देशभर धावू लागली. अशा कारखान्याच्या आत किती माणसे असतात, याहून त्याच्याभोवती काय उगवते हे मला महत्त्वाचे वाटते : सुटे भाग घडविणारे, रंगकाम करणारे, खोकी पुरविणारे, मालवाहतूक सांभाळणारे. लुनाचा काळ सरला तेव्हा शहराला धक्का बसला. एकाच गिऱ्हाइकावर विसंबणे किती धोक्याचे, ते त्या वेळी कळले. पण त्या सावलीत तयार झालेला कुशल फिटर कोठेही उपाशी राहत नाही.

सुप्यात हे आपोआप घडणार नाही. मोठ्या कंपन्यांचे पुरवठादार आधीच ठरलेले असतात. माल चाकण, रांजणगाव किंवा परदेशातून येतो. स्थानिक व्यापाऱ्याला मिळते ती किरकोळ खरेदी, तीही नव्वद दिवसांच्या उधारीवर. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांत न दिल्यास ती रक्कम खर्च म्हणून त्या वर्षी वजा होत नाही, ही आयकरातील २०२३ ची तरतूद वाचकांपैकी बहुतेकांना सनदी लेखापालांनी समजावून सांगितली असेलच. तीत एक मेख आहे. उद्यम नोंदणी असली तरी निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. ते उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. म्हणजे खोकी विकणाऱ्याने खोकी बनविण्यास आरंभ केला, यंत्रे विकणाऱ्याने ती दुरुस्त करण्याची सेवा सुरू केली, तर त्याचे पैसेही लवकर येतात आणि गावातील चार मुलांना हातचे कौशल्यही मिळते. माळ्यावरची दोन यंत्रे पुष्कळदा वडिलोपार्जित दुकानापेक्षा अधिक काळ तग धरतात.

त्या चार मुलांसाठी शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसे असलेल्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे, आणि आपली बहुतेक दुकाने व गोदामे या ऐच्छिक गटात मोडतात. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलाला वर्षभर घेऊन हिशेब, साठानोंद, जीएसटीचे विवरण शिकविणे ही आपल्या पेढ्यांना न पेलणारी गोष्ट नव्हे.

आणि सुप्यातील रोजगाराची बेरीज करताना आपण नेहमी कारखान्यांचे फाटक मोजतो, स्वतःच्या दुकानाची पायरी मोजीत नाही. किराणा, कापड, हार्डवेअर, औषधे, सराफी या साऱ्या दुकानांत मिळून जेवढी स्थानिक मुले राबतात, त्यांची गणना कोणत्याही अहवालात नाही. हा मुलगा चोवीस-पंचविसाव्या वर्षी दुकान सोडून कंपनीत जातो, तेव्हा मालक म्हणतो, “हजार रुपयांसाठी गेला.” बहुधा तो हजार रुपयांसाठी जात नाही. कंपनीत भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, राज्य विमा असतो, आणि मुख्य म्हणजे पगाराची चिठ्ठी मिळते. घरकर्जाचा अर्ज घेऊन तो बँकेत येतो तेव्हा आम्ही तीच मागतो. दुकानदाराने रोख दिलेले पंधरा हजार आमच्या लेखी शून्य असतात.

वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानाला भविष्यनिर्वाह निधीची सक्ती नाही. पगार खात्यात जमा करण्यास आणि चिठ्ठी देण्यास मात्र कोणतीही अडचण नाही. अटल पेन्शन योजनेत, आयकर न भरणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाने साठीनंतर दरमहा ५,००० रुपये निवृत्तिवेतन मिळावे म्हणून आज भरावयाचा हप्ता महिन्याला २१० रुपये आहे. तो मालकाने भरावा, असे कोणताही कायदा सांगत नाही. भरू नये, असेही सांगत नाही.