घरगुती लोणचे : शुक्तकल्पना व पथ्यविचार

पथ्याविना औषध निष्फळ होते, हे आपण प्रत्येक रुग्णास सांगतो. तथापि आपले शब्द रुग्ण कोणत्या अर्थाने घेतो, याचा विचार क्वचितच होतो. उच्च रक्तदाबाच्या एका भगिनीस मी ‘बाजारचे लोणचे बंद करा’ असे सांगितले होते. दोन महिन्यांनी त्यांचा रक्तदाब वाढलेला व पायांवर शोथ दिसला. चौकशी करता त्या म्हणाल्या, “बाजारचे पूर्ण सोडले, डॉक्टर. आता घरीच घालते आणि दोन्ही वेळा दोन-दोन चमचे घेते.” दोष त्यांचा नव्हता, माझे सांगणे अपुरे होते.

लवणाचा हिशेब

कैरीच्या १ किलो फोडींस साधारणतः १५० ग्रॅम मीठ लागते. मसाला व तेल धरून लोणचे सुमारे दीड किलोहून थोडे अधिक भरते. म्हणजे मिठाचे प्रमाण ९ ते १० टक्के. १५ ग्रॅमच्या चमच्यात जवळजवळ दीड ग्रॅम मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचविले आहे. चार चमच्यांत ही मर्यादा केवळ लोणच्यानेच ओलांडली जाते, मग ते घरचे असो वा बाजारचे. चरकसंहितेच्या विमानस्थानात पिप्पली व क्षार यांच्याबरोबर लवणाचाही अतियोग टाळण्यास सांगितले आहे, त्याचे येथे स्मरण व्हावे.

मग घरी का करावे?

घरी मिठाचे प्रमाण आपल्या हाती राहते. बाजारच्या अनेक लोणच्यांत आंबटपणा ॲसेटिक आम्लाने आणलेला असतो व टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट (क्रमांक २११) घातलेले असते. वेष्टनावर घटक उतरत्या क्रमाने छापलेले असतात. ते वाचण्याची सवय रुग्णास लावावी. याउलट शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडात संधानप्रकरणी सांगितलेल्या शुक्तात कंद, मूळ, फळ इत्यादी द्रव्ये स्नेह व लवण यांसह द्रवात संधानित होतात. तेथे अम्लता संधानातूनच निर्माण होते.

भाज्यांचे शुक्त

गाजर, मुळा व फ्लॉवर मिळून ५०० ग्रॅम घ्यावे; धुऊन, चिरून, सावलीत कोरडे करावे. उकळून गार केलेले पाणी ७५० मिलि, सैंधव ४० ग्रॅम, मोहरीची पूड २५ ग्रॅम, हळद ५ ग्रॅम व तिळतेल १ चमचा एकत्र करून कोरड्या काचेच्या बरणीत भरावे. भाजी द्रवात पूर्ण बुडावी म्हणून वर स्वच्छ वाटीचा भार ठेवावा. झाकण सैल असावे, कारण वायू निर्माण होतो. उन्हाळ्यात ३ ते ५ दिवसांत, थंडीत सुमारे आठवड्यात आंबट गंध व चव येते. नंतर शीतकपाटात ठेवून दोन आठवड्यांत संपवावे. यात मीठ सुमारे ३ टक्के, म्हणजे चमच्यास अर्धा ग्रॅम पडते. मीठ याहून कमी करू नये; संधान बिघडते. बुरशी वा दुर्गंध आल्यास संपूर्ण बरणी टाकावी. केवळ वरचा थर काढणे पुरेसे नाही.

अरुची व मंदाग्नीत भोजनासमवेत एक चमचा पुरे. अम्लपित्त, रक्तपित्त, त्वग्विकार, शोथ व वृक्कविकार यांत वर्ज्य करावे. उच्च रक्तदाबात ‘घरचे’ हा परवाना नव्हे. प्रथम एकूण मिठाचा हिशेब, मग चमचा.

औषधशाळाचालकांसाठी

आसवारिष्टे करणाऱ्यांस पात्रशुद्धी व संधानपरीक्षा नव्याने सांगणे नको. पीएच कागदाने तपासणी करून अम्लता ४.६ च्या पुरेशी खाली, शक्यतो ४ च्या आत, आल्याची खात्री करावी. मात्र विक्री करावयाची असल्यास औषधनिर्मितीचा परवाना पुरत नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये स्वतंत्र नोंदणी वा परवाना आवश्यक आहे.

त्या भगिनीस आता मी लोणच्याचा प्रकार व चमच्यांची संख्या दोन्ही लिहून देतो. आपल्या पथ्यपत्रकातही ‘लोणचे वर्ज्य’ या दोन शब्दांऐवजी कोणते, किती व कोणास, हे लिहिले जावे, ही वैद्यबंधु-भगिनींस नम्र विनंती.